मोटारसायकलीची साखळी आणि बेअरिंग : स्वच्छता व वंगण

मनालीहून स्पितीकडे जाणारा रस्ता ग्राम्फूच्या पुढे दगडगोट्यांतून आणि ओढ्यांतून जातो. दुपारच्या उन्हाने बर्फ वितळू लागले की हे ओढे फुगतात आणि मोटारसायकलीच्या चाकांचे आस पाण्यात बुडतात. गाडी पलीकडे पोहोचते. पण तिच्याबरोबर थोडे पाणी आणि थोडी रेतीही जाते. चाकाचा तुंबा चालून तापलेला असतो. थंड पाण्यात तो एकाएकी निवला म्हणजे आतील हवा आकुंचन पावते आणि रबरी कडीच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. गंज धरण्यास एवढे पुरते.

या ठिकाणी वंगणाची दोन कामे असतात. धातूचा धातूशी स्पर्श टाळणे हे पहिले, आणि पाण्याला जागाच न ठेवणे हे दुसरे. दुसऱ्या कामाकडे सहसा दुर्लक्ष होते. ग्रीज म्हणजे केवळ दाट तेल नव्हे. साबणाच्या सूक्ष्म तंतूंच्या जाळ्यात धरून ठेवलेले ते तेल होय. पूर्वी कॅल्शियमच्या साबणाचे ग्रीज पाण्यात टिके, परंतु उष्णतेने पातळ होई. सोडियमचे उष्णता सोशी, पण पाण्याने धुऊन जाई. क्लॅरेन्स अर्ल यांनी १९४२ मध्ये अमेरिकेत लिथियम साबणाच्या ग्रीजचे एकस्व मिळविले आणि हा पेच पुष्कळसा सुटला. मात्र निरनिराळ्या जातींची ग्रीजे एकमेकांत मिसळू नयेत. काही मिश्रणांत जाळे मोडते आणि तेल गळून जाते. म्हणून जुने ग्रीज पूर्णपणे काढूनच नवे भरावे.

हँडलच्या खांबातील बेअरिंग पाहा. ते पूर्ण फेरा कधीच घेत नाही, थोडेसे इकडेतिकडे वळते. सरळ रस्त्यावर छर्रे एकाच जागी धक्के सोशीत राहतात, त्यांच्यामधील ग्रीज बाजूला सरते आणि वाटीवर बारीक खळगे पडतात. पुढचे चाक अधांतरी ठेवून हँडल सावकाश फिरवावे. मध्यावर ते किंचित अडखळले तर खळगे पडले आहेत असे समजावे. अशा वाट्या ग्रीजने सुधारत नाहीत, त्या बदलाव्याच लागतात. वाट्या गुळगुळीत असतील तर छर्रे रॉकेलमध्ये धुऊन, कोरडे पुसून, ग्रीजमध्ये बसवावेत. सांधा मंदगती असल्याने येथे ग्रीज सढळ हाताने भरले तरी चालते. मागचे चाक धरणारा दांडा आणि धक्काशोषकाचे सांधे यांनाही हाच नियम लागू आहे.

चाकाच्या बेअरिंगचा नियम वेगळा आहे. ते वेगाने फिरते. त्यात ग्रीज ठासून भरल्यास ते घुसळले जाऊन तापते. मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग भरणे पुरे. धुतलेले बेअरिंग हवेच्या झोताने गरगर फिरविण्याचा मोह काही कारागिरांना आवरत नाही. हा खेळ जिवावर बेतू शकतो, कारण कोरडे बेअरिंग अतिवेगाने फुटते. जोरदार फवाऱ्याने तुंबा धुणेही टाळावे. रबरी कडी रोखू शकत नाही इतक्या दाबाने पाणी आत जाते.

आता साखळी. हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टर येथे जी रचना सिद्ध केली तीच आजही कायम आहे : खीळ, तिच्यावर पुंगळी, पुंगळीवर फिरणारा रूळ. साखळी ‘ताणली’ असे आपण म्हणतो, पण पोलाद ताणलेले नसते. खीळ आणि पुंगळी झिजून प्रत्येक सांध्यात किंचित ढिलाई आलेली असते. अर्ध्या इंचाच्या वीस कड्या नव्या असताना २५४ मिलिमीटर भरतात. त्या २५९ च्या घरात गेल्या की साखळी दातेरी चक्रांसह बदलावी. आधुनिक साखळीत खिळीभोवतीचे ग्रीज रबरी कड्यांनी कोंडलेले असते. पेट्रोल व तारेचा ब्रश या कड्यांचा नाश करतात, आणि पेट्रोलपासून आगीचेही भय आहे. रॉकेल आणि मऊ ब्रश वापरावा, लगेच पुसावे, आणि तेल खालच्या फेऱ्याच्या आतील बाजूस द्यावे, म्हणजे फिरताना ते बाहेरच्या दिशेने सर्वत्र पोहोचते. जादा तेल पुसून टाकावे. त्याला चिकटलेली रेती कानशीसारखी घासते.

हे सारे इंजिन बंद करून आणि चाक हाताने फिरवूनच करावयाचे. इंजिन चालू ठेवून साखळीला फडके लावणाऱ्याचे फडके चक्रात सापडले की पाठोपाठ बोटे जातात. हात मागे घेण्यास अवधी मिळत नाही.

शेवटी ताण. लांब स्प्रिंगांच्या गाडीत मागचा दांडा वरखाली होताना साखळी कमीअधिक घट्ट होते. दांड्याची खुंटी, चाकाचा आस आणि पुढचे चक्र एका रेषेत येतात तेव्हा ती सर्वांत घट्ट असते, आणि त्या स्थितीतही तिला थोडी ढील उरली पाहिजे. नाहीतर प्रत्येक खड्ड्याचा हिसका गिअरपेटीच्या बेअरिंगवर जातो, आणि ते बदलण्यासाठी बहुधा सबंध इंजिन उतरवावे लागते.