कापरेकर प्रक्रिया, संबद्धता आणि केऑस : एक विवेचन

अरेषीय गतिकीय प्रणाली आणि सामान्य संस्थितिविज्ञान, म्हणजे महाविद्यालयीन वर्गांत ज्याला टोपोलॉजी असेच म्हटले जाते तो विषय, यांचा परस्परसंबंध पदव्युत्तर विद्यार्थ्यांपर्यंत बहुधा व्याख्यांच्या रूपानेच पोहोचतो. प्रस्तुत लेखात हा संबंध महाराष्ट्रातील एका शालेय शिक्षकाने सुचविलेल्या अंकप्रक्रियेच्या आधारे स्पष्ट केला आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९३० ते १९६२ या काळात ते देवळाली येथे शाळेत शिकवीत होते. सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी, अशी ही प्रक्रिया आहे. उदाहरणार्थ ३५२४ घेतल्यास ५४३२ − २३४५ = ३०८७, पुढे ८७३० − ०३७८ = ८३५२, आणि ८५३२ − २३५८ = ६१७४. यानंतर ७६४१ − १४६७ = ६१७४ असल्याने संख्या बदलत नाही. प्रारंभीची संख्या कोणतीही असो, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. त्यांच्या या कामाकडे अनेकांनी दीर्घकाळ निव्वळ अंकांची करमणूक म्हणून पाहिले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ च्या मार्चमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्याची दखल घेतल्यानंतर ते जगभर पोहोचले.

गतिकीच्या भाषेत ६१७४ हा ‘स्थिर बिंदू’ होय. परंतु संस्थितिविज्ञानाच्या दृष्टीने चार अंकी प्रक्रियेपेक्षा दोन अंकी प्रक्रिया अधिक बोलकी आहे. येथे कोणताही (शून्याखेरीज) स्थिर बिंदू नाही. पहिल्याच पायरीला ९ ची पट येते आणि त्यानंतर संख्या ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ या चक्रात फिरत राहते. म्हणजेच ५ आवर्तकालाचे एक चक्र आहे. २, ३ किंवा ४ आवर्तकालाचे एकही नाही.

ही बाब एका प्रसिद्ध प्रमेयाशी विसंगत वाटते. युक्रेनियन गणिती ओलेक्सांद्र शार्कोव्स्की यांनी १९६४ मध्ये सिद्ध केले की अंतरालावरील संतत फलनाला ५ आवर्तकालाचा बिंदू असेल, तर ३ वगळता सर्व आवर्तकालांचे बिंदू असलेच पाहिजेत. ३ आवर्तकालाचा बिंदू असेल तर कोणताच आवर्तकाल वगळला जात नाही. हा भाग ली आणि यॉर्क यांनी १९७५ मध्ये स्वतंत्रपणे मांडला. मग दोन अंकी प्रक्रियेत २ आवर्तकालाचे चक्र का नाही? संततता नाही, हे उत्तर सुचते. पण ते चूक आहे. सांत संचावरील विविक्त टोपोलॉजीत प्रत्येक फलन संततच असते. उणीव आहे ती संबद्धतेची. २७ ही संख्या ४५ वर, म्हणजे वर जाते. ३६ ही २७ वर, म्हणजे खाली येते. संबद्ध अंतरालावर वर जाणे आणि खाली येणे यांच्या मध्ये कोठेतरी जागच्या जागी राहणारा बिंदू आलाच पाहिजे; मध्यवर्ती मूल्य प्रमेय तेच सांगते. २७ व ३६ यांच्यामध्ये या संचात कोणीच नाही, म्हणून स्थिर बिंदूला जागाच उरत नाही.

ती जागा भरून पाहता येते. ९० पर्यंतच्या ९ च्या पटीतील अंकांची अदलाबदल केल्यास मूळ संख्या व नवी संख्या यांची बेरीज नेहमी ९९ होते (२७ + ७२, ३६ + ६३). म्हणून या संख्यांवर कापरेकर प्रक्रिया म्हणजे क्ष पासून |९९ − २क्ष| काढणे, एवढेच आहे. हेच सूत्र ० ते ९९ या संपूर्ण अंतरालावर लावले की प्रमेयाने सांगितलेले बिंदू एकेक करून दिसू लागतात. ३३ हा स्थिर बिंदू आहे. १९·८ आणि ५९·४ हे एकमेकांवर जातात, म्हणजे २ आवर्तकाल मिळाला. ११, ७७, ५५ आणि पुन्हा ११ हे ३ आवर्तकालाचे चक्र आहे. त्यामुळे ली–यॉर्क यांच्यानुसार सर्वच आवर्तकाल येथे उपस्थित आहेत. जाणकार वाचकाच्या ध्यानात आले असेल की हे गतिकीतील सुपरिचित ‘तंबू फलन’च उलटे केलेले आहे. कापरेकरांची दोन अंकी प्रक्रिया ही एका केऑसयुक्त प्रणालीचा अंशमात्र आहे, असे म्हणणे त्यामुळे वावगे ठरणार नाही.

केऑसच्या डेव्हनी यांच्या व्याख्येत तीन अटी आहेत : टोपोलॉजिकल संक्रामकता, आवर्ती बिंदूंची घनता आणि प्रारंभिक स्थितीविषयीची संवेदनशीलता. बँक्स आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखविले की अनंत मेट्रिक अवकाशावरील संतत फलनासाठी पहिल्या दोन अटींतून तिसरी आपोआप निघते. येथे ‘अनंत’ हा शब्द गाळून चालत नाही. वरील पाच संख्यांचे चक्र संक्रामक आहे, त्याचे सर्व बिंदू आवर्ती आहेत, तरी त्यात संवेदनशीलता नाही.

याचा एक व्यावहारिक परिणाम संगणकावर दिसतो. |९९ − २क्ष| या फलनाखाली प्रत्येक परिमेय संख्या अखेरीस चक्रात अडकते; न अडकणाऱ्या कक्षा अपरिमेय संख्यांच्याच असतात. २०·३ घेतल्यास कागदावर पुढे ५८·४, १७·८, ६३·४ असे येत राहते आणि त्यात पूर्णांक कधीच येत नाही. संगणकाच्या नेहमीच्या ६४ बिटांच्या अंकगणितात मात्र प्रत्येक पायरीला अपूर्णांकाचा एक द्विमान अंक गळतो आणि ४८ पायऱ्यांच्या आत उत्तर पूर्णांक होते. पडद्यावर दिसते ते अचूक गणिताने मिळालेले असते, परंतु ते २०·३ च्या कक्षेचे नसते.

या विषयाचा कृषिप्रधान परभणी जिल्ह्याशी संबंध आहे, तो किडींच्या निमित्ताने. रॉबर्ट मे यांनी १९७६ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात ऋतुमानानुसार वाढणाऱ्या कीटकांची संख्या र·क्ष(१ − क्ष) या साध्या सूत्राने अभ्यासली. र = २·५ असता संख्या ०·६ वर स्थिरावते; ३ च्या पुढे ती दोन मूल्यांत हेलकावते; सुमारे ३·५७ च्या पुढे केऑस सुरू होतो. र = ४ असता हे फलन वरील तंबू फलनाशी टोपोलॉजिकली तुल्य असते, म्हणजे दोन्ही दिशांनी संतत अशा एकास-एक संगतीने एकाचे दुसऱ्यात रूपांतर होते. अशा स्थितीत मोजणीतील शेकडा १ ची चूक सहा-सात पिढ्यांत सर्व अंदाज गिळून टाकते. २०१७ च्या खरीप हंगामात महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीचा मोठा प्रादुर्भाव झाला. तिच्या पिढ्या एकमेकींत मिसळत असल्याने हे सूत्र तिला जसेच्या तसे लावता येत नाही, आणि तसे लावूही नये. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आढळल्यास उपाययोजना करावी, हा निकष दूरच्या भाकितावर नव्हे, तर त्या रात्रींच्या मोजणीवरच उभा आहे.

चार अंकी प्रक्रियेचे असे एका चलातील रूपांतर होत नाही. उतरत्या क्रमातील अंकांपैकी पहिल्या व चौथ्यातील फरक प आणि दुसऱ्या व तिसऱ्यातील फरक फ मानल्यास वजाबाकी ९९९प + ९०फ येते. ९९९० संख्या पहिल्याच पायरीत ५४ जोड्यांवर येतात. ६१७४ ची जोडी ६ आणि २ ही आहे. मात्र या जोड्या रेषेवर नसून प्रतलात आहेत, आणि प्रतलात शार्कोव्स्की यांचा क्रम लागू पडत नाही. वर्तुळाकार चकती १२० अंशांतून फिरविली तर केंद्राखेरीज तिच्या प्रत्येक बिंदूचा आवर्तकाल ३ असतो. २ आवर्तकालाचा बिंदू तीत एकही सापडत नाही.