तळ्याच्या तळावरची शेती

ॲमस्टरडॅमहून उत्तरेला निघून पुर्मरेंड मागे पडलं की रस्ते एकदम सरळ होतात. वळण आलंच तर ते काटकोनात. दोन्ही बाजूंना कुरणं, त्यांच्या मधून पाण्याचे चर, काळ्या-पांढऱ्या गाई आणि दूरवर मिडनबेमस्टरच्या चर्चचा मनोरा. हा बेमस्टर. चारशे वर्षांपूर्वी इथे तळं होतं, 7,000 हेक्टरांहून मोठं. वादळात त्याच्या लाटा काठची जमीन खात सुटत.

हॉलंडचा ग्रामीण भाग म्हणजे ट्यूलिपचे ताटवे आणि पवनचक्कीसमोरचा फोटो, एवढंच आपल्या बहुतेक सहलींच्या वाट्याला येतं. बेमस्टरला बोट दाखवावं असं एखादं स्थळ नाही. इथली जमीनच पाहायची असते. 1999 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घेतली तीही ही सगळी आखीव शेतजमीन.

ती समजून घ्यायची तर आधी कडेचा बांध गाठावा. तळ्याभोवती सुमारे 40 किलोमीटरचा बांध घालून त्याच्या बाहेरच्या अंगानं कालवा काढला आहे. बांधावर सायकल उभी केली की एका हाताला कालव्यातल्या होड्या दिसतात आणि दुसऱ्या हाताला शेतं. होड्या वर आणि शेतं खाली! नकाशात वाचलेलं इथे पटतं: ही जमीन समुद्रसपाटीपासून सरासरी साडेतीन मीटर खाली आहे.

तळं आटवायचा घाट घातला तो ॲमस्टरडॅमच्या धनिक व्यापाऱ्यांनी. दिर्क व्हान ऑस हे त्यांतलं प्रमुख नाव. 1602 च्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या उभारणीतही हा गृहस्थ होता. याच कंपनीनं पुढे 1637 मध्ये आपल्या वेंगुर्ल्यात वखार घातली. वेंगुर्ल्याची ती पडकी वखार पाहिलेल्या माणसाला बेमस्टर अगदीच परका वाटू नये. बेमस्टरचं तळं आटवायला 1607 मध्ये परवानगी मिळाली, काम सुरू झालं, आणि 1610 च्या वादळात बांध फुटून तळं पुन्हा भरलं. व्यापाऱ्यांनी पैसा मागे घेतला नाही. बांध उंच केले, चक्क्या वाढवल्या आणि 1612 मध्ये तळ उघडा पडला. त्यासाठी 43 पवनचक्क्या लागल्या.

एवढ्या का लागल्या, हे कोकण-गोव्याच्या माणसाला चटकन कळेल. गोव्याच्या खाजणात, म्हणजे बांध घातलेल्या खाडीकाठच्या शेतात, भरतीला मानशीची (बांधातल्या पाणदाराची) दारं मिटतात आणि ओहोटीला उघडून आतलं पाणी आपसूक बाहेर जातं. बेमस्टरला ही सोय नाही, कारण बाहेरचं पाणी सदैव वर. इथे प्रत्येक थेंब उचलूनच काढावा लागतो. त्या काळची एक चक्की साधारण दीड मीटर पाणी चढवू शके. म्हणून त्या एकापुढे एक उभ्या केल्या: पहिलीनं उचलून दुसरीच्या चरात टाकायचं, दुसरीनं तिसरीच्या, आणि शेवटचीनं कालव्यात. वाफेचे आणि नंतर विजेचे पंप आले, पण उपसा थांबलेला नाही. पंप बंद ठेवले तर तळं परत येईल.

या कामाशी जोडलेलं सर्वांत प्रसिद्ध नाव यान लेखवाटरचं. 1575 चा जन्म, धंदा सुतारकाम आणि चक्क्या बांधण्याचा. त्याचं गाव दे राइप कालव्याच्या पलीकडेच आहे आणि माझ्या मते दिवसातला सर्वांत निवांत वेळ तिथेच घालवावा. हेरिंगच्या मासेमारीवर आणि देवमाशांच्या शिकारीवर हे गाव श्रीमंत झालं. तिथली 1630 ची नगरसभेची इमारत लेखवाटरच्याच आराखड्यावर बांधलेली आहे.

आत मैदानात वाट वाकडी करून पाहावीत ती इथली चौकोनी शेतघरं. एकाच पिरॅमिडसारख्या भल्या थोरल्या छपराखाली मधोमध वाळल्या गवताची गंजी आणि तिच्या भोवती एकीकडे माणसं, एकीकडे गुरं. बाहेर थंडी आणि ओल असताना घर, गोठा आणि कोठार एकत्र ठेवण्याची ही शहाणी रचना मला इथल्या कोणत्याही चर्चपेक्षा मोलाची वाटली.

उपशाची चक्की आतून पाहायची तर शेजारच्या स्खेर्मरमध्ये जावं लागतं. हे तळं 1635 मध्ये कोरडं झालं. त्यासाठी 52 चक्क्या होत्या, आज 11 उरल्या आहेत. स्खेर्मरहोर्न गावाजवळच्या एका चक्कीत संग्रहालय आहे. खाली पाणी चढवणारा लाकडी स्क्रू, आणि त्याच्या शेजारीच चक्कीवाल्याच्या कुटुंबाच्या इवल्याशा खोल्या. वारा पडो वा उठो, त्या कुटुंबाला कामाजवळच राहणं भाग होतं.

जायचं असेल तर मे ते सप्टेंबरमध्ये जावं. ॲमस्टरडॅमहून बसनं पुर्मरेंड गाठून पुढे सायकल घ्यावी. चढ नाहीत, पण उघड्या मैदानात वारा बोचतो, म्हणून विंडचीटर हवाच. पर्यटनाच्या मोठ्या बसमधून या भागातलं काहीही नीट दिसत नाही.