घरच्या संगणकाची दुसरी प्रत

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा बीड जिल्ह्यातील नदीकाठच्या अनेक गावांत पाणी शिरले. अशा रात्री घर सोडावे लागले, तर माणसे प्रथम लेकरांना उचलतात, दावणीची जनावरे सोडतात, आणि मग हात जातो तो कागदांच्या पत्र्याच्या पेटीकडे. सातबारा, जातीचा दाखला, गुणपत्रिका, पासबुक, आजोबांचा एकुलता एक फोटो, हे सारे त्या पेटीत असते. ऊसतोडीला सहा महिने बाहेर जाणारी कुटुंबेही ही पेटी घरी राहणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या हवाली करूनच गाडीत बसतात.

परंतु गेल्या पंधरा-वीस वर्षांत ह्या पेटीतील बराच ऐवज संगणकात गेला आहे. लग्नाचे फोटो कागदावर राहिलेले नाहीत. दाखले स्कॅन करून ठेवलेले असतात, शिक्षकांच्या प्रश्नपत्रिका, दुकानाचे हिशेब, मुलांचे प्रकल्प आणि मंडळाच्या सभांचे इतिवृत्त, सारे एका हार्ड डिस्कवर असते. पेटी डोक्यावर घेऊन धावता येते, पण टेबलाखालच्या संगणकाच्या तारा अंधारात कोण सोडवत बसणार? आणि पूर आला नाही, तरी ती डिस्क एक दिवस बंद पडणारच आहे. म्हणून ह्या लेखात आम्ही एकाच गोष्टीविषयी लिहीत आहोत: संगणकातील फाइल्सची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर आपोआप कशी होत राहील, आणि ती प्रत कोठे ठेवावी.

दुसऱ्या प्रतीचे मोल मराठी माणसाला नव्याने सांगण्याची गरज नसावी. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी देवगिरीवरील स्वाऱ्यांच्या धामधुमीत नाहीशी झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. पुढे ज्यांना जे आठवत होते त्यांनी ते पुन्हा लिहून काढले, आणि म्हणूनच त्या ग्रंथाचे निरनिराळे पाठ आज अभ्यासकांपुढे आहेत. गेवराई तालुक्यातील पांचाळेश्वरी महानुभाव भाविक आजही जमतात. त्यांच्या पूर्वसूरींची स्मरणशक्ती अलौकिक होती, म्हणून ग्रंथ वाचला. आपल्याला मात्र तीन वर्षांपूर्वीच्या फोटोतील पाहुण्यांची नावेही आठवत नाहीत.

अगदी अलीकडचे उदाहरण घ्या. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दूतील जुने दप्तर ठिकठिकाणी उघडले गेले, आणि समितीला जुन्या नोंदींसाठी हैदराबादपर्यंत जावे लागले. त्या प्रश्नाच्या राजकारणात आम्हांस शिरायचे नाही. एवढेच पाहावे की, गावातील कागद जीर्ण झाला, तरी त्याच माहितीचा माग दुसऱ्या शहरातील दप्तरात काढता येतो.

ख्रिस्तसभेने ही काळजी फार पूर्वीपासून घेतली आहे. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार धर्मग्रामाच्या नोंदवह्यांची अधिकृत प्रत दरवर्षाअखेर बिशपांच्या कार्यालयाकडे पाठवणे धर्मगुरूंवर बंधनकारक होते. १९८३ च्या संहितेत बाप्तिस्म्याच्या नोंदीपुढे त्या व्यक्तीचा दृढीकरण संस्कार आणि विवाहही लिहावयाचा असतो. म्हणजे लग्न पुण्यात झाले, तर त्याची एक नोंद पुण्यातील वहीत राहते आणि दुसरी, जेथे बाप्तिस्मा झाला तेथील वहीत. कोणाला बॅकअप हा शब्द ठाऊक नव्हता, तेव्हाची ही व्यवस्था आहे.

आता संगणकाकडे वळू. डिस्क किती दिवस टिकते? गूगल कंपनीने २००७ साली आपल्याकडील एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षात निकामी होणाऱ्या डिस्कचे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी होते. तीन वर्षे जुन्या डिस्कमध्ये ते वर्षाला आठ टक्क्यांच्या पुढे गेले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बिघडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी बिघाडाच्या चार प्रमुख पूर्वखुणांपैकी एकही दाखवली नव्हती. आजच्या डिस्क अधिक टिकाऊ आहेत, हे खरे. पण त्या अभ्यासातील डिस्क अखंड वीज आणि वातानुकूलित खोल्या ह्यांच्या छायेत राहत होत्या. आपल्याकडे भारनियमन, कमी-अधिक दाबाची वीज, वळिवापूर्वीचा कडकडाट आणि खिडकीतून येणारी धूळ आहे. काही पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात चालू असतानाचे कमाल तापमान ३५ अंश सेल्सिअस दिलेले असते, आणि मे महिन्यात बीडचा पारा चाळिशी ओलांडतो. उन्हाळ्यात बाहेरची डिस्क सकाळीच जोडावी, हा सल्ला म्हणूनच.

"महिन्यातून एकदा फाइल्स उतरवून ठेवतो," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आम्हीही तेच सांगत असू. एकदा एका जुन्या पत्राची स्कॅन केलेली प्रत हवी होती, तेव्हा बाहेरची डिस्क उघडून पाहिली. शेवटची फाइल अकरा महिन्यांपूर्वीची निघाली. मधल्या काळात प्रत्येक रविवारी आम्ही "पुढच्या रविवारी" म्हणत होतो. दोष आळसाचा होता, पण खरे पाहता माणसाच्या आठवणीवर सोपवलेले काम असेच होते. ते संगणकावर सोपवावे, कारण त्याला रविवार नसतो.

त्यासाठी लागणारी साधने थोडी आहेत. आपल्या फाइल्स जेवढी जागा व्यापतात, तिच्या दुप्पट तरी क्षमतेची एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्यावी. लहान आकाराची, संगणकाच्या यूएसबी तारेवरच चालणारी डिस्क आपल्याकडे अधिक सोयीची, कारण मोठ्या डिस्कला स्वतंत्र अडॅप्टर लागतो आणि वीज गेली की तीही तत्क्षणी बंद पडते. टेबलावरच्या संगणकाला यूपीएस असावाच. पेन ड्राइव्हवर एकमेव प्रत ठेवू नये. तो हरवण्यासाठीच जन्मलेला असतो.

विंडोज १० आणि ११ ह्या दोन्हींत 'फाइल हिस्ट्री' नावाची सोय आधीपासून असते, तिला वेगळे पैसे पडत नाहीत. डिस्क जोडावी, कंट्रोल पॅनेल उघडून 'सिस्टीम अँड सिक्युरिटी'मध्ये जावे, तेथे 'फाइल हिस्ट्री' निवडून 'टर्न ऑन' म्हणावे. त्यानंतर डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज, म्युझिक आणि डेस्कटॉप ह्यांतील बदललेल्या फाइल्सची प्रत, डिस्क जोडलेली असेल तेव्हा, दर तासाला होत राहते. जुनी प्रत पुसली जात नाही, ही ह्या सोयीची खरी खुबी. काल चुकून हिशेबाची फाइल बिघडवली, तर परवाची फाइल परत मिळते. 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये जुन्या प्रती कायम ठेवण्याची आज्ञा मुळात दिलेली असते. ती बदलून 'जागा लागेपर्यंत' अशी करावी, म्हणजे डिस्क भरून काम थांबणार नाही. विंडोज १० ला मिळणारे कंपनीचे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. तो संगणक चालू राहतो, परंतु सुरक्षेच्या दृष्टीने दुबळा होत जातो, आणि म्हणून त्यातील फाइल्सची दुसरी प्रत असणे अधिकच निकडीचे ठरते.

येथे एक अडचण आहे, जी बहुतेकांच्या ध्यानी येत नाही. डी ड्राइव्हवर स्वतः तयार केलेले फोल्डर फाइल हिस्ट्री आपणहून उचलत नाही. "सगळे डीवर आहे, सी उडाली तरी चालेल" अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे, आणि पुष्कळदा सी व डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात! ते फोल्डर एखाद्या लायब्ररीत समाविष्ट करावे, नाहीतर सरळ डॉक्युमेंट्समध्ये हलवावे.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपण श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये मजकूर टाइप करत असू. त्या फाइल्सची प्रत उत्तम राहिली आणि फॉन्ट मात्र हरवला, तर नव्या संगणकावर पत्रिकेऐवजी विचित्र चिन्हांच्या ओळी दिसतात. फॉन्ट विंडोजच्या स्वतंत्र फोल्डरात राहतात आणि फाइल हिस्ट्री त्यांना स्पर्श करत नाही. तेव्हा ते फॉन्ट डॉक्युमेंट्समध्ये एका फोल्डरात उतरवून ठेवावेत, त्यांची मूळ सीडी असल्यास तीही जपावी, आणि सवड होईल तसा जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. स्मरणिका, लग्नपत्रिका, वंशावळी अशा कितीतरी गोष्टी ह्याच कारणाने डिस्क शाबूत असूनही वाचता येईनाशा झाल्या आहेत.

ज्यांच्याकडे ॲपलचा संगणक आहे, त्यांना २००७ पासून 'टाइम मशीन' मिळते. ते गेल्या चोवीस तासांतील तासातासाच्या, महिन्याभरातील रोजच्या आणि त्याआधीच्या आठवड्याआठवड्याच्या प्रती ठेवते. लिनक्स वापरणाऱ्यांना 'देजा दुप' हे साधे साधन पुरेसे आहे.

एवढे झाले, म्हणजे निश्चिंत व्हावे का? नाही. प्रत आपोआप व्हायची, तर डिस्क जोडलेली हवी. आणि जोडलेली डिस्क संगणकाच्याच संकटांत सापडते. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर व्हायरस सुमारे दीडशे देशांत पसरला आणि दोन लाखांहून अधिक संगणकांतील फाइल्सना त्याने कुलूप घातले. असे व्हायरस संगणकाला जोडलेल्या डिस्कवरील फाइल्सही सोडत नाहीत. विजेचा लोळ आला, तर तो तारेतून दोन्हींपर्यंत पोहोचतो. चोर संगणक नेताना शेजारची डिस्क मागे ठेवत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तळमजल्यावरच्या घरात अशा वेळी संगणक आणि त्याला लावलेली डिस्क एकाच पाण्यात असतात.

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग ह्यांनी रूढ केलेला एक हिशेब येथे उपयोगी पडतो: फाइलच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. सामान्य घराला हे जड वाटू नये. दोन डिस्क घ्याव्यात. एक संगणकाजवळ राहील आणि रोजचे काम करील. दुसरी अंबाजोगाईला बहिणीकडे, परळीला मामांकडे किंवा पुण्याला शिकणाऱ्या मुलाकडे राहील. नाताळात आणि ईस्टरला एकमेकांकडे जाणे होतेच. फराळाच्या डब्याबरोबर डिस्कचीही अदलाबदल करावी. ज्यांचे हिशेबाचे काम आहे, त्यांनी ३१ मार्च धरावा. नदीकाठी राहणाऱ्यांनी ती अदलाबदल पावसाळ्यापूर्वी करावी, हे उघडच आहे. दुसरी डिस्क लोखंडी कपाटात, उंचावर, प्लास्टिकच्या बंद डब्यात ठेवावी. तिच्यावर आधार कार्ड आणि पासबुकांच्या प्रती असतील, तर डिस्कला संकेतशब्दाचे कुलूप घालावे, आणि तो संकेतशब्द कागदावर लिहून पाकिटात, पत्र्याच्या पेटीत ठेवावा. घरातील दुसऱ्या कोणाला तरी तो ठाऊक असावा, कारण पुष्कळ घरांत संगणकाचे सारे ज्ञान एकाच माणसाच्या डोक्यात असते.

इंटरनेटवरील साठवणुकीविषयी थोडेच लिहितो. गूगलच्या खात्यात १५ जीबी आणि मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमध्ये ५ जीबी जागा विनामूल्य मिळते. अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही २०२४ पासून त्या १५ जीबीमध्येच मोजला जाऊ लागला. दाखले आणि गुणपत्रिका ह्यांसाठी ती पुरेशी आहे. लग्नाचे व्हिडिओ तेथे मावत नाहीत आणि गावातील इंटरनेटवरून वरही चढत नाहीत. शिवाय संगणकावर पुसलेली फाइल तिकडेही पुसली जाते. कचरापेटीतून ती साधारण तीस दिवसांत काढून घेतली नाही, तर गेली. फोनमधील फोटो मात्र महिन्यातून एकदा तारेने संगणकात उतरवून घ्यावेत, एरवी आपली सर्व व्यवस्था फोनच्या वाटेला न जाताच चालू राहील.

आता सर्वांत दुर्लक्षित काम. डिस्कवर काहीतरी आहे, म्हणजे ते परत मिळेलच असे नाही. तिमाहीतून एकदा 'रिस्टोअर पर्सनल फाइल्स' उघडावे, एखादा जुना फोटो, एखादे मराठी पत्र आणि एखादा हिशेब निवडून दुसऱ्याच फोल्डरात परत आणावा, आणि तो खरोखर उघडतो का ते पाहावे. फाइल हिस्ट्रीच्या पहिल्या पानावर शेवटची प्रत कोणत्या तारखेला झाली तेही लिहिलेले असते. डिस्कची तार सैल होऊन पंधरा दिवस झाले असतील, तर ते तेथे दिसते. शक्य असल्यास हीच डिस्क शेजाऱ्यांच्या संगणकाला लावून पाहावी. आपला संगणक पाण्यात गेला, तर ती अशाच दुसऱ्या संगणकावर उघडावी लागणार आहे. ह्या तपासणीला दहा मिनिटे लागतात. घरातील शाळकरी मुलांना ती शिकवली, तर ती आपल्याहून लवकर करतात, असा आमचा अनुभव आहे.