रंगाआधीचं काम

इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला साखरेचा आणि यंत्रांचा जुना वारसा आहे. ऊस गाळणाऱ्या यंत्रांपासून इस्रोच्या रॉकेटांच्या मोटर केसिंगपर्यंत बरंच काही इथं घडतं. हे गाव ज्यांच्या नावानं ओळखलं जातं त्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि पद्मिनी रस्त्यावर आल्या. शेजारी बारामतीच्या एमआयडीसीत पियाज्जोचा कारखाना आहे. आपे रिक्षा तिथली, २०१२पासून व्हेस्पाही तिथलीच. नवी गाडी कशी बनते यावर या दोन तालुक्यांत पुष्कळ लिहिता येईल. संपादकांना मात्र जुनी गाडी हवी होती: उन्हानं करपलेला डॅशबोर्ड आणि तडकलेलं रेक्झिन पुन्हा रंगात आणणाऱ्यांची हकिकत.

पद्मिनीत डॅशबोर्डचा बराच भाग पत्र्याचा असे. पत्रा घासायचा, लांबी भरायची, रंग मारायचा. बाहेरचा पेंटर आतलंही काम करून टाकी. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या काळात गाडीचं आतलं अंग प्लास्टिकचं होत गेलं. ८००चं उत्पादन जानेवारी २०१४मध्ये थांबलं. अशा गाडीचं इंजिन अजून कुणीही दुरुस्त करून देतो. अडतं ते दाराच्या पॅनेलवर, ग्लोव्हबॉक्सच्या झाकणावर. भंगारात ते सापडलंच तर राखाडी गाडीला बदामी झाकण मिळतं, आणि मग रंगवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. गाडीचा बाहेरचा रंग बदलला तर आरसी बुकात नोंद करावी लागते; आतल्या रंगाला आरटीओ विचारत नाही.

बारामतीत डेंटिंग-पेंटिंगच्या एका शेडमध्ये या कामात मुरलेले मिस्त्री भेटले. त्यांच्या हातात स्प्रे गन नव्हती. दात घासायचा जुना ब्रश होता आणि समोर साबणाच्या पाण्याची बादली. डॅशबोर्डवर चामड्यासारखे जे बारीक कण उठवलेले असतात, त्यांच्या खाचांतून ते एकेक इंच घासत पुढे सरकत होते. “रंग काय, तासा-दोन तासांचं काम आहे सर,” ते म्हणाले. “धुण्यातच सगळा दिवस जातो. गिऱ्हाईक पैसे रंगाचे देतं, धुण्याचे कोण देतंय?”

त्या धुण्याचं मोल पहिल्यांदा कळतं ते पॉलिशमुळे. गाडी विकायच्या आधी डॅशबोर्ड चमकवायला जे पॉलिश चोपडतात, त्यात बहुतेकदा सिलिकॉन असतं. ते खाचांत दडून बसतं. वर रंग पडला की रंग त्या ठिपक्यापासून मागे सरकतो आणि गोल खड्डे उठतात. पेंटर त्याला फिशआय म्हणतात. इथं क्रमाला महत्त्व आहे. आधी साबण, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि त्यानंतरच बारीक वॉटर पेपर. उलट केलं तर घासताना सिलिकॉन आणखी खोल रुतवलं जातं. मिस्त्री ओला फडका फिरवून पाणी कसं पसरतं ते पाहतात. पाण्याचे थेंब सुटे राहिले तर पुन्हा बादली.

रेक्झिनची गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटली. त्याच्यावरचा थर पीव्हीसीचा असतो. पीव्हीसी मुळात कडक. त्याला मऊ करतं ते त्यात मिसळलेलं प्लॅस्टिसायझर. मे महिन्यात उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड सत्तर अंशांवर जाणं नवल नाही. वर्षानुवर्षं हा ताप सोसताना प्लॅस्टिसायझर हळूहळू उडून जातं. पुढच्या काचेवर आतून जी तेलकट धुरकट साय चढते, त्यात त्याचाही वाटा असतो. गेलेलं परत घालता येत नाही. म्हणून रेक्झिनचा रंग वेगळा: त्यातलं द्रावण वरचा थर किंचित फुगवतं, त्यात रंग पकड घेतो आणि रेक्झिनबरोबर वाकतो. एका जाड हातानं कण बुजतात आणि पुढे तडे जातात. म्हणून पातळ हात, मध्ये वाळायला वेळ. शेवटचा लॅकर मॅटच हवा, कारण डॅशबोर्डची चकाकी पुढच्या काचेत उमटते आणि चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर येते.

याउलट पॉलिप्रॉपिलीन (पीपी) हे हट्टी प्लास्टिक. त्याचा पृष्ठभागच असा की रंग त्याला धरत नाही. नखानं सालासारखा निघतो. कारखान्यात असे भाग रंगवण्याआधी त्यांवर ज्योत फिरवतात. शेडमध्ये आधी त्याच्यासाठीचा खास प्रायमर द्यावा लागतो. पण समोरचा तुकडा कोणत्या प्लास्टिकचा, हे ओळखणार कसं? भाग सोडवून मागे पाहिलं तर कधी पीपी किंवा एबीएस अशी अक्षरं कोरलेली सापडतात. जुन्या गाड्यांत बरेचदा नसतात. मग मागच्या बाजूचा कीस बादलीत टाकायचा: पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. यातही फसगत आहे. पुरेसा टाल्क मिसळलेलं पीपीही बुडतं.

स्टिअरिंग तर मिस्त्री शक्यतो घेतच नाहीत. तळहाताचा घाम आणि घर्षण यांपुढे रंग सगळ्यात आधी तिथंच उडतो. पुढच्या काळातल्या गाड्यांत एअरबॅगचं झाकण असतं. त्याच्या फाटायच्या रेषेवर रंगाचा थर चढवणं धोक्याचं, म्हणून ते सरळ नाही म्हणतात. पावसाळ्यात दमट हवेनं लॅकर पांढुरका पडतो, कॉम्प्रेसरच्या नळीतून पाणी येतं. ते दिवस ते टाळतात.

मला काळजी वाटली ती त्यांच्या तोंडावरच्या रुमालाची. टिकाऊपणासाठी हल्ली हार्डनरचा रंग मागतात. त्यातल्या आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो, आणि रुमालानं ते अडत नाही. त्यासाठी बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो, उघड्या शेडऐवजी हवा खेचणारी खोली लागते. जुन्या ८००च्या चार पॅनेलांच्या मजुरीत ते बसत नाही. गिऱ्हाइकानं हार्डनरचा हट्ट धरू नये, आणि धरलाच तर मास्कचा खर्च बिलात वेगळा लिहिला जावा. त्याच्याच खाली धुण्याच्या दिवसाची मजुरीही.