धोट्यातला धागा

कापड विणताना धोट्यातली कांडी दर काही मिनिटांनी संपते. मग विणकर नवी कांडी बसवतो आणि तिच्या सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढतो. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांमध्ये त्याची रीत ठरलेली होती. भोकाला ओठ लावायचे, श्वास आत ओढायचा. सूत तोंडात आलं की धोटा पुन्हा धावायला मोकळा. आज एकाच्या ओठाला लागलेला धोटा उद्या बदली कामगाराच्या ओठाला लागायचा.

एवढ्याशा कृतीपायी गिरण्यांचं विणखातं अस्पृश्य कामगारांना बंद होतं. महार कामगार गिरणीत होते, पण बहुतेक रिंग खात्यात, सूतकताईच्या यंत्रांवर. विणकराला मजुरी जास्त मिळे. तिथवर जाण्याची वाट उष्ट्याच्या विटाळाने अडवली होती, आणि अडवणारे होते साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारे सवर्ण कामगारच.

एप्रिल १९२८ मध्ये सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर गेले. विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळावेत, अशी मालकांची नवी पद्धत येऊ घातली होती. त्यातून मजुरी घटणार आणि माणसं कमी होणार, ही भीती खरी होती. मे महिन्यात लाल बावट्याची, म्हणजे कम्युनिस्टांची, गिरणी कामगार युनियन उभी राहिली. श्रीपाद अमृत डांगे, निंबकर, मिरजकर, जोगळेकर ही मंडळी पुढे होती. ना. म. जोशी यांच्या मवाळ युनियनबरोबर त्यांनी संयुक्त संप समिती केली आणि सतरा मागण्या मांडल्या.

अशा वेळी डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना अट घातली. अस्पृश्यांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क आहे हे मान्य करा, नाहीतर मी माझ्या लोकांना संपापासून दूर राहायला सांगेन. पुढाऱ्यांनी बरेच आढेवेढे घेतले आणि मग मागणी यादीत घातली. मालकांनी ती वाचून उत्तर दिलं की हा अन्याय असलाच तर तो आमच्याकडून झालेला नाही. बोलणं खोचक होतं, पण खोटं नव्हतं.

कम्युनिस्टांची अडचण मात्र समजून घेतली पाहिजे. संपाचा कणा विणकरच होते. त्यांच्या जातीच्या अभिमानाला हात घातला आणि ते फुटले, तर दीड लाख घरांच्या चुली पणाला लागणार होत्या. आधी एकजूट, जातीचं नंतर बघू, असं म्हणणाऱ्यांच्या मनात कपट होतंच असं नाही. वर्गलढा पेटला की जात आपोआप विरघळेल, हा त्यांचा विश्वासही होता. पण या हिशेबात थांबायला सांगितलं जात होतं ते दर वेळी एकाच माणसाला, आणि ‘नंतर’ची तारीख कुणीच लिहीत नव्हतं.

संप सहा महिने चालला. ऑक्टोबरमध्ये तो मिटला आणि वाद चौकशीसाठी नेमलेल्या फॉसेट समितीकडे गेला. पुढच्या वर्षी नाटकातल्या भूमिकांची अदलाबदल झाली. २० मार्च १९२९ रोजी मीरत खटल्यात युनियनचे प्रमुख पुढारी धरले गेले, आणि एप्रिलमध्ये उरलेल्यांनी पुन्हा सार्वत्रिक संप पुकारला. आता व्यवहाराची भाषा आंबेडकर करत होते. आधीच्या संपाने कामगार कर्जात बुडाला आहे, त्याला पुन्हा उपाशी ठेवू नका, असं सांगत त्यांनी संपाला उघड विरोध केला. तत्त्वाला चिकटून बसले होते ते लाल बावटेवाले. हा संप फसला आणि युनियन खिळखिळी झाली. म्हणजे १९२८ मध्ये ज्यांना व्यवहारी म्हणावं, तेच वर्षभरात तत्त्वनिष्ठ ठरले, आणि उलटही झालं. तत्त्व आणि व्यवहार हे माणसांचे दोन वेगळे वाण आहेत, असं म्हणणाऱ्याने ही दोन वर्षं शेजारी ठेवून पाहावीत.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असं आंबेडकरांनी तिथे सांगितलं. अस्पृश्य कामगाराला कुठे कुठे मज्जाव आहे हे सांगताना त्यांनी गिरण्यांच्या विणखात्याचा दाखला दिला. संपातल्या त्या मागणीला दहा वर्षं होत आली होती.

त्याच वर्षी मुंबई प्रांताच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणलं. संप करण्यावर त्यात कडक बंधनं होती. ७ नोव्हेंबरला आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. आंबेडकर आणि डांगे एकाच बाजूला उभे राहिले. कायदा थांबला नाही. पण एकमेकांचं तत्त्वज्ञान न पटताही एका मुद्द्यापुरतं हातात हात घालता येतो, हे गिरणगावाने पाहिलं. या वेळी कुणालाही आपला प्रश्न घरी ठेवून यायला सांगितलं नव्हतं.

दोन्हीकडची ही ओढाताण रा. बा. मोरे यांनी स्वतःच्या आयुष्यात सोसली. महाडजवळच्या लाडवलीचे मोरे १९२७ च्या महाड परिषदेच्या जुळवाजुळवीत आघाडीवर होते. १९३० च्या सुमाराला ते कम्युनिस्ट पक्षात गेले, पण बाबासाहेबांशी असलेलं नातं त्यांनी तोडलं नाही. १९५० च्या दशकात त्यांनी आपल्याच पक्षाला एक टिपण लिहून दिलं. अस्पृश्यता आणि जात यांविरुद्ध पक्षाने स्वतंत्रपणे लढलं पाहिजे, असा त्याचा आशय होता. धोट्याची ती मागणी यादीत चढून तोवर पंचविसेक वर्षं लोटली होती, आणि ‘नंतर’ कधी, हे मोऱ्यांना अजून विचारावं लागत होतं.