डोडोमुखी शास्त्र

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयाने आपल्याकडच्या तेरा नमुन्यांना वाचा दिली. त्यांत डोडोचा सांगाडा होता, १८६५ साली इंग्लंडच्या किनाऱ्याला लागलेला फिन देवमासा होता आणि चक्क एक झुरळही होतं. मोबाइलवर क्यूआर कोड स्कॅन करायचा आणि थेट विचारायचं, ‘बाबा रे, तू संपलास कसा?’ उत्तर यायचं ते ‘मी’ म्हणून. विचारणारा लहान असेल तर भाषाही सोपी व्हायची.

यामागचं यंत्र आता ओळखीचं आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेतलं भाषेचं प्रारूप आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द निवडत जातं. त्याला त्या नमुन्याची माहिती पुरवायची आणि ‘तू हा प्राणी आहेस’ अशी भूमिका द्यायची. झुरळाची निवड मला सर्वांत धाडसी वाटते. त्या तेरांतल्या लाल पांडावर कुणीही जीव लावेल. बोलल्याने झुरळाबद्दलचं लोकांचं मत बदलतं का, हे संग्रहालयाला पाहायचं होतं.

पण पैठणच्या रेड्याने वेद म्हटले, तेव्हाही ते वेद माणसांचेच होते. डच खलाशी १५९८ मध्ये मॉरिशसवर उतरले आणि डोडो दिसल्याची शेवटची सर्वमान्य नोंद १६६२ची. खलाशांनी तो मारून खाल्ला, पण त्यांच्या जहाजांतून आलेल्या डुकरांनी आणि उंदरांनी अंडी फस्त केली, त्याचा घाव खोल होता. हे सगळं केंब्रिजचा डोडो अस्खलित सांगायचा. जिवंतपणी यातलं त्याला काय कळलं असणार? त्याची व्यथा आपण लिहितो, आपणच ऐकतो आणि हळहळून पुढच्या दालनात जातो.

न्यूझीलंडच्या हुइया पक्ष्याची गोष्ट वेगळी. १९०१ मध्ये ब्रिटिश राजपुत्राने त्याचं पीस टोपीत खोवलं आणि पिसांचे भाव कडाडले. १९०७ नंतर त्याची खात्रीची नोंद नाही. त्याचा आवाज कुणी ध्वनिमुद्रित केला नव्हता. हेनारे हामाना हे माओरी गृहस्थ शीळ घालून हुइयाला जवळ बोलवत असत. १९४९ मध्ये वेलिंग्टनच्या रेडिओ केंद्रात त्यांची शीळ मुद्रित झाली. तोही माणसाचाच आवाज, पण पक्ष्याकडून शिकलेला. म्हणून डोडोच्या चटपटीत उत्तरांपेक्षा मला ती शीळ अधिक खरी वाटते.

यंत्राला बोलायला लावण्याऐवजी ऐकायला बसवता येतं. कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटाजवळचे स्पर्म देवमासे ‘टक्‌-टक्‌’ अशा ठेक्यांच्या लडींतून एकमेकांशी बोलतात. ‘प्रोजेक्ट सेटी’च्या संशोधकांनी सुमारे साठ देवमाशांच्या ८,७१९ लडी संगणकाच्या मदतीने तपासल्या आणि २०२४ मध्ये निष्कर्ष मांडला की, ठेका, लय, लयीतले बारीक चढउतार आणि कधीकधी जोडलेला जादा ‘टक्‌’ यांच्या जुळणीतून लडींचा मोठा साठा तयार होतो. त्या लडींचा अर्थ अजून कुणाला लागलेला नाही.