महालातलं भूत लांबून कसं गायलं?

मध्यरात्र उलटून गेलीय. यमुनेकाठच्या एका ओसाड महालात एक तरुण एकटाच आहे. घड्याळ दोनचे टोले देतं आणि कुठून तरी गाणं ऐकू येतं. आधी खूप लांबून, मग हळूहळू जवळ येत. आवाज बाईचा, पण बाई काही दिसत नाही!

हा आहे १९४९ सालचा ‘महल’ सिनेमा. मुंबईत मालाडला बॉम्बे टॉकीज नावाची चित्रपटसंस्था होती, तिनं तो काढला. दिग्दर्शक कमाल अमरोही, महालात शोधत फिरणारा अशोक कुमार आणि ‘भूत’ मधुबाला. गाणं होतं ‘आएगा आनेवाला’, संगीतकार खेमचंद प्रकाश. ते गायल्या लता मंगेशकर, तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर असलेल्या.

आता गंमत ऐका. गाणारी लांबून जवळ येतेय असं वाटलं पाहिजे, हे सगळ्यांना पटलं होतं. पण करायचं कसं? आजच्यासारखे कॉम्प्युटर तेव्हा नव्हते. मग मायक्रोफोन ठेवला खोलीच्या मध्यभागी आणि लताबाई उभ्या राहिल्या कोपऱ्यात. सुरुवातीच्या ओळी गात गात त्या एकेक पाऊल पुढे यायच्या आणि मुख्य ओळ सुरू होईपर्यंत बरोबर माइकपाशी पोचायच्या. चालताना सूर हलू द्यायचा नाही, श्वास फुलू द्यायचा नाही आणि वेळही चुकवायची नाही. किती अवघड!

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? माइकसमोरच उभं राहून आधी हळू आणि मग मोठ्यानं गायलं असतं तर? नाही, आपला कान फसला नसता. कानाशी कुणी कुजबुजलं तर आवाज हळूच असतो, पण तो लांबचा वाटतो का?

खोलीत कुणी बोललं की त्याचा आवाज आपल्यापर्यंत दोन प्रकारे येतो. एक तोंडातून थेट. दुसरा भिंती, छत, फरशी यांच्यावर आपटून. पाच मीटरवरच्या भिंतीवर जाऊन परत यायला आवाजाला सेकंदाचा जेमतेम चौतिसावा भाग लागतो. एवढ्या कमी वेळामुळे तो वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकूच येत नाही. असे शेकडो परतलेले आवाज एकमेकांत मिसळतात आणि मूळ आवाज घुमतो.

मेख इथेच आहे. बोलणारा दुप्पट लांब गेला की थेट येणाऱ्या आवाजाची ऊर्जा एक चतुर्थांश उरते. घुमणारा आवाज मात्र खोलीभर पसरलेला असतो, तो फारसा कमी होत नाही. म्हणजे माणूस लांब असला की घुमणं जास्त, जवळ आला की थेट आवाज जास्त. आपला मेंदू हे प्रमाण क्षणात जोखतो आणि अंतर ठरवतो. लताबाईंच्या प्रत्येक पावलागणिक हेच प्रमाण बदलत होतं. मला तर ही युक्ती सिनेमातल्या भुताहून जास्त अद्भुत वाटते.

ओसाड वाड्यात भीती वाटण्यामागे हे घुमणंही असू शकतं बरं का. गाद्या, पडदे, कपडे आवाज शोषून घेतात. रिकाम्या दगडी खोलीत शोषणारं काहीच नसतं, म्हणून आवाज सगळीकडून येतोय असं वाटतं. ‘कोण आहे?’ म्हणून वळायचं तरी कुठल्या बाजूला!

‘महल’मधलं भूत शेवटी खरं भूत निघत नाही, ती महालाच्या माळ्याची मुलगी असते. गाण्याच्या रेकॉर्डवर तर सुरुवातीला लताबाईंचं नावही नव्हतं. तिथे छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं नाव! लोक विचारत सुटले, ही गाते कोण?

आता ही युक्ती तुम्हीही करून बघा. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून तो शाळेच्या रिकाम्या सभागृहात मधोमध ठेवा. कोपऱ्यातून एखादं गाणं म्हणत, आवाज अजिबात न वाढवता, त्याच्याकडे चालत या. मग हेडफोन लावून ऐका. तेच गाणं नंतर घरी, गाद्या रचलेल्या खोलीत म्हणून बघा आणि कोणतं भूत जास्त लांबून आलं ते आम्हाला कळवा.